वीस मिनिटांचं नाटक, दीड तासाचा वाद

आमच्या पहिल्या पथनाट्याला 501 रुपयांचं बक्षीस मिळालं होतं. देणारा मुकादम होता.

नाटक ऊसतोड मजुरांच्या पिळवणुकीवरचं. मुकादम म्हणजे या मजुरांना आगाऊ पैसे देऊन त्यांची टोळी बांधणारा आणि कारखान्याच्या तोडणीला नेणारा ठेकेदार. मुकादम करणाऱ्या पोराला आम्ही काळा गॉगल लावला, कोळशानं मिशा काढल्या, पोटाला उशी बांधली. तो गडगडाटी हसायचा, बायाबापड्यांवर ऊस उगारायचा, शेवटी सगळे मिळून त्याला हाकलायचे आणि आम्ही मुठी वळून गाणं म्हणायचो. पारावर दोनेकशे माणूस होतं. हसून हसून मुरकुंडी वळली. गावचा खरा मुकादम पुढंच खुर्ची टाकून बसला होता, तोही पोट धरून हसत होता. खेळ संपल्यावर त्यानं पाचशेची नोट आणि वर एक रुपया हलगीवाल्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "लई भारी केलंत पोरींनो. असले मुकादम माजलेतच." त्याच आठवड्यात त्यानं त्याच गावात 19 कोयत्यांची टोळी बांधली.

आमच्या बीडकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. माझे आईवडील 22 हंगाम कोयता होते. मी आजीपाशी धारूर तालुक्यातल्या गावात राहिले म्हणून शाळा शिकले, नाहीतर मीही कधीतरी अर्धा कोयता झालेच असते. एवढं सगळं घरात पाहिलेलं असूनही मी असलं नाटक बसवलं, की ते पाहून मुकादमानं बक्षीस द्यावं. त्या 501 रुपयांनी मला जे शिकवलं, ते सांगायला हे लिहितेय. तुमच्या गावात, वस्तीत, बचत गटात एखाद्या अन्यायावर नाटक करायचं असेल तर यातलं काही उपयोगी पडेल. तुमचा विषय पाण्याचा असेल, दारूचा असेल, जमिनीचा असेल. मला ऊस माहीत आहे, म्हणून उदाहरणं उसाचीच येतील.

आता आम्ही करतो ते नाटक 20 मिनिटांचं असतं आणि ते संपत नाही. ऐन पेचावर थांबतं. मग प्रेक्षकांतलं कुणीतरी उठतं, नटाच्या जागी उभं राहतं आणि "मी असते तर असं केलं असतं" ते करून दाखवतं. पुढचा दीड तास तोच खेळ. याला फोरम थिएटर म्हणतात. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांनी ते उभं केलं. 1973 मध्ये पेरू देशात साक्षरतेच्या मोहिमेत काम करताना ते नाटक मध्येच थांबवायचे, लोकांनी उपाय सांगायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा. एकदा एक बाई सांगतेय ते नटांना काही केल्या जमेना. बाई चिडली. बोआल म्हणाले, मग तुम्हीच या वर. ती आली आणि प्रेक्षक-नट ही भिंत पडली, असं ते सांगत. आपल्या देशात बंगालमधली 'जन संस्कृती' ही नाट्यसंस्था 1985 पासून खेडोपाडी हेच करते आहे.

पण हे सगळं परदेशातून आलंय असं समजून बिचकू नका. जोतीराव फुल्यांच्या 1855 च्या 'तृतीय रत्न'मध्ये जोशी एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि विदूषक मध्येमध्ये घुसून प्रेक्षकांना आतली गोम दाखवत राहतो. पुढं सत्यशोधकांनी तमाशाचाच साज घेऊन जलसे केले, मग आंबेडकरी जलसे झाले. आमच्याकडं फड दोनच, एक उसाचा आणि एक तमाशाचा. दोन्हींत राबणारी माणसं एकाच गावची.

आधी महिनाभर ऐका

पहिली चूक बहुतेक गट इथंच करतात. विषय ठरवतात, संहिता लिहितात, मग गावात जातात. उलटं करा. संहिता नसू द्या.

आम्ही आषाढ-श्रावणात गावात जातो, कारण तेव्हा माणसं घरी असतात. दसरा-दिवाळीनंतर गाव रिकामं. मग उरतात म्हातारी माणसं, पोरं आणि कुत्री. बैठक बोलवत नाही. बैठक बोलावली की पुरुष येतात, सरपंच येतो आणि बायका मागं भिंतीला टेकून उभ्या राहतात. त्यापेक्षा कुणाच्या ओट्यावर गहू निवडायला बसा. हात चालू असला की तोंड चालतं.

"तुमच्या समस्या काय आहेत?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याला ठरलेली उत्तरं येतात: रस्ता नाही, पाणी नाही, घरकुल नाही. सर्व्हेवाल्यांनी लोकांना तसं घडवलंय. त्याऐवजी एका दिवसाचं विचारा. मागच्या हंगामात पहिल्या दिवशी कोपी, म्हणजे राहायची झोपडी, कुणी बांधली? पहाटे किती वाजता उठलात, पहिल्यांदा कशाला हात लावला? मोळी डोक्यावर द्यायला कोण असतं? गाडी भरेपर्यंत लेकरू कुठं असतं? वाढं विकून आलेले पैसे कुणाच्या कनवटीला? या शेवटच्या प्रश्नावर एका ओट्यावर सात बायका एकदम बोलायला लागल्या होत्या. वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांना विकतात. ते पैसे किरकोळ, पण रोख आणि रोजचे. आमच्या नाटकातला एक अख्खा प्रवेश त्या गोंधळातून निघाला.

हिशेबाचंही विचारा, पण आकड्यांनी सुरुवात करू नका. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, पेपरात मोठ्या अक्षरात आलं. मी एका मामांना विचारलं, पावतीत ती वाढ दिसली का? मामा म्हणाले, "पावती मुकादमाकडं असती. आपल्याकडं पिशवी असती, भाकरीची." हे वाक्य आम्ही जसंच्या तसं घेतलं. असली वाक्यं सापडेपर्यंत ऐकत राहायचं.

वहीत लिहिताना नाव लिहायचं नाही, गावही नाही. आणि कुणा एकाची गोष्ट उचलून मंचावर नेऊ नका. तीन गावांतल्या तीन गोष्टींचं एक कुटुंब करा. नाहीतर पहिल्याच वाक्याला लोक ओळखतात आणि नाटक बाजूला राहून त्या घराची चर्चा सुरू होते.

काही गोष्टी ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या ऊसतोड बायकांचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. नंतर बरेच दिवस गावात कॅमेरे घेऊन माणसं येत राहिली. एक मावशी मला म्हणाल्या, "सगळ्यांनी पोटच मोजलं आमचं." त्यावर नाटक करायचं नाही असं आम्ही ठरवलं. आमच्या नाटकात बाई आजारी असते आणि नवरा एवढंच म्हणतो, "खाडा पडंल." खाडा म्हणजे बुडालेला दिवस आणि त्यावरचा दंड. तो शब्द आला की बायका आपसूक एकमेकींकडं बघतात. बाकीचं सांगायला लागत नाही.

थांबलेलं चित्र

ऐकून झालं की आठ-दहा जण मिळून चित्रं करायची. संवाद नाही, हालचाल नाही. "उचल घेतानाचं चित्र करा" म्हणायचं आणि लोकांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढं तोडून फेडायची.

चार गावांत चार गटांकडून हे चित्र करून घेतलं. चारही चित्रांत मुकादम खाटेवर किंवा खुर्चीवर, नवरा समोर हात पुढं करून, मुकादमाच्या मांडीवर वही. आणि बायको? दोन चित्रांत ती दाराआड चहाचा कप घेऊन उभी होती. एकात चुलीपाशी पाठ करून बसलेली. चौथ्यात ती नव्हतीच. मी विचारलं, "बाई कुठाय?" पोरं म्हणाली, "तिचं काय काम?"

कोयता दोघांचा, पैसे एकाच्या हातावर. आमचं नाटक तिथं सापडलं. माझ्या घरात 22 वर्षं हेच चित्र होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मीच चहा घेऊन जायची.

म्हणून सांगते, संहिता लिहायच्या आधी चित्रं करा. कागदावर आपण आपल्याला ठाऊक असलेलंच लिहितो.

चार प्रवेश, आणि मुकादमाला त्याचं म्हणणं

आमच्या नाटकाचं नाव 'उचल'. पहिल्या प्रवेशात पोळ्यानंतर मुकादम घरी येतो, नोटा मोजतो, बायको चहा देऊन आत जाते. दुसऱ्यात फड, पहाट, थंडी, तिला उभं राहवत नाही. तिसऱ्यात कारखान्याचा पट्टा पडलाय, म्हणजे हंगाम संपलाय, हिशेब होतो आणि उचल फिटलेली नसते. चौथ्यात पुन्हा तेच घर, तीच खाट. मुकादम म्हणतो, "यंदा पोरीलाबी घ्या संगं. अर्धा कोयता धरू. तेवढीच जास्त उचल." पोरगी नववीत आहे. बाप हात पुढं करतो. हात नोटांपासून वीतभर लांब असताना हलगी एकदा कडाडते आणि सगळे जागच्या जागी थांबतात.

ती वीतभर जागा नीट ठरवा. सगळं नाटक त्यासाठी असतं. निर्णय झाल्यावर थांबलात तर लोक हळहळतात आणि घरी जातात. फार आधी थांबलात तर कुणालाच घाई वाटत नाही.

गॉगल, मिशा, उशी आम्ही कधीच टाकून दिल्या. खलनायक गंमतीशीर झाला की प्रत्येकाला वाटतं तो दुसरा कुणीतरी आहे, खुद्द खलनायकालाही. आता आमचा मुकादम साध्या शर्टात येतो, म्हाताऱ्या आईच्या तब्येतीची चौकशी करतो, लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा देतो. आणि त्याचं म्हणणं त्याला पुरेपूर मांडू देतो: त्यानंही कारखान्याच्या नाहीतर वाहतूकदाराच्या पैशाची हमी घेतलेली असते, मागल्या साली दोन कोयते उचल घेऊन पळाले आणि ते पैसे त्याच्या अंगावर आले. हे खोटं नाही. पुष्कळ मुकादम आधी कोयतेच होते. त्याची बाजू खरी असली की लोकांना सोपा उपाय सापडत नाही, आणि तो सापडू नये यासाठीच ही सगळी खटपट असते.

नट किती? सहा ते आठ पुरे. त्यांतले निदान दोघे तरी त्याच कामातल्या घरांतले हवेत. पाठांतराला महत्त्व नाही. तालमीत आम्ही 'दाब' नावाचा एक खेळ खेळतो: एकानं मुकादम व्हायचं, बाकीच्यांनी एकेक करून येऊन त्याला अडवायचं, आणि मुकादमानं प्रत्येकाला इतकाच विरोध करायचा की समोरचा अडखळावा पण पडू नये. फार लवकर नमला तर खोटं वाटतं, चिरडलं तर पुढचं माणूस उठत नाही. हा अंदाज यायला आमच्या मुकादमाला चांगले दोन महिने लागले.

खरा कोयता वापरू नका. पुठ्ठ्याचा करा, चंदेरी कागद लावा. अंधारात, गर्दीत, चिडलेल्या माणसाच्या हाती काय द्यायचं याचा विचार आपणच करायचा असतो.

जागा, वेळ, कागद

पार किंवा देवळासमोरची मोकळी जागा चांगली, पण आधी विचारा की तिथं सगळ्या आळ्यांतली माणसं येऊन बसतात का. एका गावात आम्ही देवळासमोर खेळ लावला आणि अर्धी वस्ती आलीच नाही. का आली नाही ते सांगायची गरज नाही. तेव्हापासून आम्ही शाळेचं मैदान घेतो.

वेळ भाकरी झाल्यानंतरची, म्हणजे साधारण साडेआठ. त्याआधी बायका येत नाहीत आणि बायका नसतील तर खेळ कशाला करायचा? लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही, पण मुळात दीडशे माणसांपर्यंत त्याची गरजच नसते. गोल करा, सतरंजी मधे, म्हणजे मागं कुणी उरत नाही. उजेड नटांच्या तोंडावर पडेल असा ठेवा. आणि म्हशी कुठून घरी येतात ते बघून ठेवा, हसू नका.

सरपंच आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा. तोंडी "करा की" याला काही अर्थ नसतो. धमकी आली तर खेळ थांबवा, भांडू नका. 1 जानेवारी 1989 ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूरमध्ये 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मी आणि सोबत्यांवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी सफदर गेले. 4 जानेवारीला त्यांच्या गटानं, पत्नी मलयश्री हाश्मींसह, त्याच जागी येऊन नाटक पूर्ण केलं. मला त्या धैर्यापुढं हात जोडावेसे वाटतात. पण मी आमच्या पोरापोरींना सांगते की आपण आठ जण आहोत आणि आठच्या आठ घरी जायचे आहेत.

मागं कुणाचा बॅनर लावायचा नाही, देणगीदाराचा तर नाहीच. बॅनरवर ज्याचं नाव, नाटक त्याचं होतं.

सूत्रधार

नाटक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभं राहून खेळ चालवणाऱ्याला बोआल जोकर म्हणत. आमच्याकडं जोकर म्हटलं की लोक सर्कस शोधतात, म्हणून आम्ही सूत्रधारच म्हणतो. हे काम मी करते आणि दरवेळी तोंडाला कोरड पडते.

नाटक थांबलं की सूत्रधारानं मधे येऊन नियम सांगायचे, थोडक्यात. नाटक परत पहिल्यापासून होईल, जरा भरभर. जिथं वाटेल की इथं बाईनं किंवा पोरीनं वेगळं वागायला पाहिजे होतं, तिथं "थांबा" म्हणायचं आणि तिच्या जागी यायचं. मुकादमाच्या जागी जायचं नाही, कारण मुकादम अचानक देवमाणूस झाला तर प्रश्नच संपला. जादू चालणार नाही, लॉटरी लागणार नाही, कलेक्टर दारात येणार नाही.

मग शांतता पसरते. ती भयंकर असते. तुम्हाला वाटेल काहीतरी बोलावं, हसवावं, कुणाला तरी ओढून आणावं. करू नका. मनात तीसपर्यंत हळू मोजा. आजवर मी सव्वीसच्या पुढं गेलेली नाही.

एका रात्रीचं सांगते. पहिल्यांदा उठला तो कॉलेजचा पोरगा. बायकोच्या जागी आला, डोक्यावर पदरासारखा टॉवेल घेतला, लोक हसले. त्यानं नोटा उचलून भिरकावल्या. टाळ्यांचा कडकडाट. अशा वेळी सूत्रधारानं पोराला "चूक" म्हणायचं नाही आणि "शाबास"ही म्हणायचं नाही. मी लोकांना विचारलं, "पटलं?" एक म्हातारबाबा म्हणाले, "पटलं की. पर किराणा दुकानदाराला काय फेकून मारायचं?" पोरगा ओशाळून बसला. मी त्याला म्हटलं, तू पहिला उठलास म्हणून बाबा बोलले. ते खरंच होतं.

मग बचत गटाच्या एक काकू आल्या. म्हणाल्या, गटातून कर्ज घेऊ. आमच्या मुकादमानं विचारलं, "किती देत्याल? धा हजार? मी ऐंशी देतो." काकू अडल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "मंग तुमच्याकडून तीसच घेऊ. ऐंशी कशापायी?" आणि त्यावर गर्दीत वाद पेटला. ऐंशी का लागतात? लग्नाचे किती, दवाखान्याचे किती, नुसतेच मिळतात म्हणून घेतलेले किती? माणसं एकमेकांची तोंडं बघून हिशेब सांगायला लागली. आम्ही नट सतरंजीवर बसून ऐकत होतो. नाटक आमच्या हातातून गेलं होतं, आणि तसंच व्हायला हवं.

तिसरी मावशी अगदी मागं होती. खांद्यावरचं झोपलेलं लेकरू तिनं शेजारणीकडं दिलं आणि पहिल्याच प्रवेशाला "थांबा" म्हणाली. पुढं आली. काही बोलली नाही. चहाचा कप मुकादमापुढं ठेवला, आणि आत जायच्या ऐवजी सतरंजीवर नवऱ्याच्या शेजारी बसली. नुसती बसली. आमचा मुकादम दोन महिने दाबाचा सराव केलेला, त्याला पुढचं वाक्य आठवेना. तिनं त्याच्या मांडीवरची वही ओढून आपल्यासमोर ठेवली.

"लिवा. माझंबी नाव लिवा."

"वहिनी, व्यवहार मालकासंगं झालाय," आमचा मुकादम सावरून म्हणाला.

"तोडनार कोन? मोळी उचलनार कोन? मंग मोजताना मी चुलीपशी कशाला?"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए, बस खाली!" ती खालीच बसलेली होती. बायका फिस्सकन हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण ओरडणारा तिचा नवरा होता.

इथं मी काय करायला हवं होतं आणि काय केलं, हे सांगते. मी "वा मावशी!" म्हणाले. टाळ्या मागितल्या. मला वाटलं, आज खेळ रंगला.

दुसरी सकाळ

त्या रात्री साडेदहाला आम्ही जीपमध्ये बसून निघून गेलो. दहा दिवसांनी मी दुसऱ्या कामानं त्या गावात गेले तेव्हा कळलं, की नवरा चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता, सासू तिला 'नाटकवाली' म्हणत होती, आणि आळीतल्या दोघीतिघी तिच्याकडं यायच्या थांबल्या होत्या. मारहाण झाली नाही, हे तिनं आपणहून सांगितलं. मी विचारायच्या आधी तिला ते सांगावं लागलं, याचीच मला लाज वाटली.

तेव्हापासूनचे आमचे नियम. ज्या गावात बायका मंचावर येतील असं वाटतं, तिथं आधी फक्त बायकांसमोर खेळ करतो, दुपारी, कुणाच्या तरी वाड्यात. तिथं ज्या उठतात त्यांना विचारतो, रात्री सगळ्यांसमोर उठाल का, उठलात तर घरी काय होईल. नाही म्हणाल्या तर त्यांचा उपाय आमची नटी करून दाखवते. रात्रीच्या खेळानंतर गटातल्या दोघी गावातच मुक्काम करतात आणि सकाळी चहाला त्या घरांत जातात. नवऱ्याशीही बोलायचं, त्याला कोपऱ्यात घ्यायचं नाही. त्याचा हात पुढं होतो तेव्हा तोही काही मजेत नसतो. मंचावर आलेल्या गावकऱ्यांचा फोटो नाही, व्हिडिओ नाही. सुरुवातीलाच सांगायचं आणि मोबाइल उचलला की खेळ थांबवायचा. एक रील फिरली की बाईचं पुढच्या हंगामाचं काम जाऊ शकतं.

हंगामात कोप्यांवर जाऊन हा खेळ करू नका. आम्ही एकदा कारखान्याजवळच्या अड्ड्यावर केला. माणसं पहाटे तीनला उठलेली, समोर त्यांचाच मुकादम उभा, परक्या जिल्ह्यात ना घर ना नातलग. कुणीही उठलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. तिथं जायचंच तर लेकरांशी खेळा, गाणी म्हणा, माहिती द्या आणि या.

ठराव

खेळात निघालेले उपाय त्याच रात्री कागदावर उतरवा, लोकांच्याच शब्दांत. बोआल 1993 ते 1996 रिओ शहराच्या परिषदेत निवडून आलेले सदस्य होते, तेव्हा त्यांनी अशा खेळांतून आलेल्या सूचनांचे कायदे करून घेतले. आपल्याकडं त्यासाठी निवडून यायची गरज नाही, ग्रामसभा आहे. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा तर टोळ्या निघायच्या तोंडावर येते, याहून चांगला मुहूर्त कोणता? तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावरच उरकलेली नाही ना हे पाहा. बायकांनी आधी तिथं मांडलं की ग्रामसभेत एकटीला उठावं लागत नाही.

मागण्या बारीक आणि करता येण्याजोग्या ठेवा. 'शोषण थांबवा' असा ठराव होत नाही. आमच्या एका गावानं असा केला: उचलीच्या नोंदीवर नवरा-बायको दोघांची नावं आणि सह्या, नोंदीची एक प्रत घरी, बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची ग्रामपंचायतीत नोंद आणि ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, मागं राहणाऱ्या पोरांच्या वसतिगृहासाठी अर्ज. ठरावाला काय किंमत असते, असं कुणी म्हणालं तर त्याला हेरवाड सांगा. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि 17 मेला राज्य शासनाचं परिपत्रक निघालं.

कायद्याचं बोलायला माहीतगार माणूस सोबत ठेवा, मंचावर नव्हे, कडेला. उचलीपायी कुणाला डांबून ठेवलं असेल तर 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे आणि तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं होते. पोरीचं लग्न हंगामाआधी उरकायची घाई दिसली तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. एवढं सूत्रधाराला पाठ हवं. बाकी "आम्ही करून देऊ" असं कुणालाही सांगू नका, आपण नाटकवाले आहोत.

सामान एका पोत्यात मावायला हवं: सतरंजी, हलगी, दोन कप, पुठ्ठ्याचा कोयता, खेळण्यातल्या नोटा, मुकादमाची लाल वही. त्या रात्री जीपमध्ये सामान मोजताना वही नव्हती. शोधाशोध केली, मिळाली नाही. दहा दिवसांनी मावशीच्या घरी गेले तेव्हा ती कोनाड्यात देवाशेजारी होती. मावशी म्हणाल्या, "हातातच राहिली बगा." पहिली चार पानं आमच्या नाटकातल्या खोट्या आकड्यांची होती. पाचव्यावर त्यांच्या पोरीनं शाळेच्या अक्षरात तारीख घालून लिहिलं होतं: उचल 60,000. खाली दोन नावं. एक बापाचं, एक आईचं. बापाच्या नावापुढं सही होती. आईच्या पुढं अंगठा होता, आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीनं तीनदा सही गिरवून बघितलेली.

मी वही परत मागितली नाही. तुम्ही सामानाची यादी कराल तेव्हा वह्या दोन लिहा.